वायरलेस माऊस मधेच चार-पाच सेकंद अडकतो, सेल बदलले, माऊसच नवीन आणला, तरी तेच

मिरजकर_डीटीपी
मंगळवार, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. माझं मिरजेत डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स असली कामं. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे जेवायला फुरसत नसते आणि नेमकं आत्ताच माऊसनं छळायला सुरुवात केलीय. डोंगलवाला, म्हणजे यूएसबी पोर्टमध्ये बारकं रिसीव्हर लावायचा असतो तसला, वायरलेस माऊस आहे. कोरलमध्ये काम करताना कर्सर मधेच थांबतो, चार-पाच सेकंद जागचा हलत नाही आणि मग एकदम उडी मारून भलतीकडेच दिसतो. सलग सात-आठ वेळा असं होतं, मग अर्धा-पाऊण तास काहीच नाही, अगदी मऊ चालतो, आणि मग परत तेच सुरू.

ज्याला नुसता नेटवर पेपर वाचायचाय त्याला चार सेकंद काही वाटणार नाहीत. पण काल एका पत्रिकेत गणपती वर मधोमध नेत होतो, बटण दाबून धरलेलं, कर्सर अडकला, मी हात हलवत राहिलो, आणि सुटला तेव्हा गणपती खाली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' त्या ओळीवर जाऊन बसला. ते दिसलं म्हणून कंट्रोल झेड केलं. परवा मात्र मुहूर्ताची ओळ अशीच खाली सरकली ती माझ्याही लक्षात आली नाही आणि प्रूफ बघणाऱ्यांच्याही नाही, प्लेट निघाल्यावर सांगलीच्या प्रेसमधून फोन आला. प्लेट परत काढली, पैसे माझ्याच खिशातून गेले.

आतापर्यंत काय केलं तर सेल दोनदा बदलले, ड्रायव्हर काढून परत टाकला, अँटिव्हायरसनं पूर्ण स्कॅन केलं, आणि शेवटी वैतागून नवीन माऊस आणला, तोही दुसऱ्या कंपनीचा. पहिला एक तास वाटलं की सुटलो, आणि मग तोही अडकला. मशीन पाच वर्षांचं आहे, विंडोज 10, रॅम 16 जीबी, कीबोर्ड वायरचा. मशीनमध्ये मी गेल्या सहा महिन्यांत काही नवीन टाकलेलं नाही. आता फॉरमॅट मारायचा का? तसं केलं तर फॉन्ट परत चढवण्यातच माझा दीड दिवस जाईल म्हणून विचारतोय. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.


रिपेअरकाका_नाशिक
बुधवार, सकाळी 7:15

फॉरमॅट अजिबात मारू नका. मी बावीस वर्षं हेच काम करतोय आणि माऊससाठी मारलेले दहापैकी नऊ फॉरमॅट वाया जातात असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी एक ठरवा की अडकतंय काय, माऊस की कॉम्प्युटर. गिऱ्हाईक येऊन सांगतं 'माऊस हँग होतो', पण डोळ्याला कर्सर दिसतो म्हणून नाव माऊसचं येतं, दुखणं कुठलंही असू शकतं. तर पुढच्या वेळी अडकला की माऊस सोडून द्या आणि कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो का बघा. तो दिवा कीबोर्ड स्वतःच्या मनानं लावत नाही, कॉम्प्युटरनं सांगितल्यावरच लागतो. म्हणजे दिवा बदलला तर कॉम्प्युटर जागा आहे, फक्त माऊसचा निरोप त्याच्यापर्यंत पोचत नाहीये. दिवा ढिम्म राहिला तर आख्खं मशीनच थांबलंय, मग माऊस कितीही बदला.

अजून एक करा, काम करताना एखादं गाणं लावून ठेवा. कर्सर अडकला आणि गाणं नीट चालू आहे तर रोख माऊसवर, डोंगलवर किंवा यूएसबीवर. कर्सर हलतोय पण क्लिक लागत नाही, खिडक्या पांढऱ्या पडतात, तर बहुतेक हार्ड डिस्क दमलीय. आणि कर्सर, दिवा सगळं थांबलं आणि गाण्याचाही एकच सूर घर्रर्र करत अडकला तर मग ड्रायव्हर, रॅम, पॉवर सप्लाय असलं मोठं दुखणं. हे तीन वेगळे आजार आहेत, औषधं वेगळी.

तुमचा कीबोर्ड वायरचा आहे म्हणून ही युक्ती चालेल. ज्यांचा कीबोर्ड आणि माऊस दोन्ही एकाच डोंगलवर असतात त्यांनी कॅप्स लॉकवर विसंबू नये, डोंगल गेलं की दोन्ही जातात आणि वाटतं मशीनच हँग झालं. त्यांनी गाण्यावर लक्ष ठेवावं.

सेल बदललेत म्हणता पण सेलच्या खोबणीतली स्प्रिंग बघितली का? पांढरा-हिरवा थर असेल तर नवीन सेल घालूनही करंट नीट जात नाही. नव्या माऊसलाही तेच होतंय म्हणजे तुमच्याकडे तो प्रश्न नसावा, पण जुना फेकू नका अजून. आणि शेजारी कुणाकडून वायरचा साधा माऊस एक दिवस मागून आणा. या एका गोष्टीनं निम्मा तपास होतो.


पानगळ
बुधवार, सकाळी 9:50

माझाही अडकायचा, काचेचं टेबल होतं. माऊसच्या पोटात बारकासा कॅमेरा असतो, तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारावर फोटो काढतो आणि आधीच्या फोटोशी ताडून बघतो की किती सरकलो. गुळगुळीत काचेवर त्याला ताडायला काही सापडतच नाही. साधा कागद ठेवला खाली आणि प्रश्न मिटला. एकदा कॅमेऱ्याच्या भोकात मांजराचा केस अडकला होता तेव्हा कर्सर थरथरायचा. तुम्ही एकदा माऊस पालथा करून बघा, दोन सेकंदांचं काम आहे.


मिरजकर_डीटीपी
बुधवार, रात्री 11:05

काका, खूप खूप धन्यवाद, एवढं सविस्तर कुणी समजावलं नव्हतं. पानगळ, माझ्याकडे कापडी पॅड आहे, पालथा करून बघितला, साफ आहे.

आज दिवसभर गाणी लावून बसलो होतो. कर्सर अडकला की लगेच कॅप्स लॉक, दिवा दर वेळी लागतो. गाणं एकदाही अडकलं नाही. अडकलेला असतानाच कीबोर्डवरून अक्षरं टाइप केली, ती पडतात. म्हणजे कॉम्प्युटर जागा आहे. शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा वायरचा माऊस आणून दुपारी तीनपासून लावला, संध्याकाळपर्यंत एकदाही अडकला नाही. मग रात्री परत वायरलेस लावला आणि अर्ध्या तासात अडकला.

आणि एक विचित्र गोष्ट सापडली. एका खराब प्रूफच्या पाठीवर मी वेळा लिहून काढत होतो, सकाळी 11:12, 11:14, 11:15 असं करत 11:20 पर्यंत, मग थेट 12:12 ते 12:19, मग 1:13 ला परत. दर तासाला बरोबर त्याच सुमाराला त्रास होतोय! माझ्या मिसेसनं ते बघून विचारलं की तासाला काय होतं आपल्या दुकानात. मला काही सुचलं नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचतंय का? शेजारी एटीएम आहे, समोर मोबाईलचा टॉवर आहे, त्याचा काही संबंध?


श्रावणधारा
गुरुवार, सकाळी 6:30

दादा, तुमच्या मिसेसनी विचारलेला प्रश्नच बरोबर आहे. टॉवर आणि एटीएम राहू द्या बाजूला. मला दोन गोष्टी सांगा. मशीनला बाहेरची पोर्टेबल हार्ड डिस्क लावलेली असते का, आणि तिच्यावर विंडोजचा आपोआप बॅकअप चालू आहे का? विंडोजमधली फाईल हिस्ट्री चालू केली की ती काही न बदलता दर तासाला कॉपी काढते.

मी बेंगळुरूला वायरलेस सर्किटच्या टेस्टिंगमध्ये काम करते म्हणून हे डोळ्यासमोर आलं. डोंगलवाले माऊस 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, वायफाय, ब्लूटूथ सगळे त्याच पट्ट्यात आहेत. आणि यूएसबी 3.0, म्हणजे ज्या पोर्टच्या आतली पट्टी बहुतेक निळी असते ते, त्यातून डेटा सेकंदाला 5 गिगाबिटच्या वेगानं पळतो. एवढ्या वेगानं सिग्नल वरखाली व्हायला लागला की तारेतून, कनेक्टरच्या फटीतून रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो आणि तो नेमका 2.4 ते 2.5 गिगाहर्ट्झच्या भागातही पसरलेला असतो. डोंगलची अँटेना म्हणजे आतल्या सर्किटवरची नखाएवढी तांब्याची रेघ. ती त्या गोंगाटापासून दोन सेंटिमीटरवर बसली असेल तर माऊसचा बारीक आवाज तिला ऐकूच येणार नाही. लग्नाच्या मांडवात स्पीकरच्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि दारातून कुणी हळू हाक मारली तर कशी ऐकू येणार, तसंच. माऊस बिघडलेला नाही, डोंगलही बिघडलेलं नाही, जागा चुकलीय.

हा माझा तर्क नाही बरं का. इंटेलनंच 2012 च्या एप्रिलमध्ये यावर एक पेपर काढला होता, त्यात हार्ड डिस्क लावल्यावर त्या पट्ट्यातला गोंगाट 20 डेसिबलच्या आसपास वाढलेला दाखवलाय, म्हणजे शंभर पट ताकद. वायरलेस माऊस अडकतो हेही त्यात दिलंय. यूएसबीनं वायरलेसमध्ये ढवळाढवळ करणं हा तेव्हापासून माहीत असलेला आजार आहे पण माऊसच्या खोक्यावर तो कुणी छापत नाही, फार तर आत एखादी छोटी एक्स्टेन्शन वायर देतात आणि ती आपण खोक्यासकट टाकून देतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, किती लोकांनी चांगले माऊस भंगारात दिले असतील.

आता आज हे करून बघा. अडकायची वेळ झाली, म्हणजे तासावर तुमची ती बारा मिनिटं झाली, की हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकतोय का बघा. मग मुद्दाम एक मोठी फाईल तिच्यावर कॉपी करायला लावा आणि माऊस हलवत राहा. त्रास लगेच सुरू झाला तर शंकाच नको. कॉपी चालू असतानाच डोंगल काढून कॅबिनेटच्या दुसऱ्या टोकाला, काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीच्या 2.0 पोर्टमध्ये लावा. माऊसला 2.0 भरपूर होतं, त्याला निळ्या पोर्टचा कणभरही फायदा नाही. कॅबिनेटच्या मागं लावलं असेल तर पत्र्याची आख्खी भिंत मधे येते, तेही टाळा. सगळ्यात उत्तम म्हणजे यूएसबी 2.0 ची एक साधी एक्स्टेन्शन वायर घ्या आणि डोंगल टेबलावर माऊसच्या समोर आणून ठेवा.


गावाकडचा_मास्तर
गुरुवार, दुपारी 2:20

मधेच विचारतोय, माफ करा, पण विषय तोच आहे. मी सोलापूर जिल्ह्यात एका शाळेवर आहे. आमच्याकडे सहा कॉम्प्युटर, सगळ्यांना वायरचे माऊस. तरीही माऊस मधेच मरतो. टुंग असा आवाज येतो, पेन ड्राइव्ह काढल्यावर येतो तसा, माऊसचा खालचा लाल दिवा विझतो, परत टुंग होतं आणि चालू. कधी कधी परत येतच नाही, वायर काढून लावावी लागते. मुलं पेंटमध्ये चित्र काढत असतात, एखाद्याचं अर्धं झेंडावंदन झालेलं असतं आणि माऊस जातो, पोरगं रडवेलं होतं.

मी पण इथं वाचून वेळा लिहून ठेवायला लागलो, आणि शाळेमागच्या बोअरची मोटार सुरू होताना किंवा बंद होताना हे होतं असं दिसतंय. दर वेळी नाही पण बऱ्याच वेळी. मोटारीचा आणि माऊसचा काय संबंध? आणि हेही सांगतो, कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला हात लागला की झिणझिण्या येतात, पावसाळ्यात जास्त.


रिपेअरकाका_नाशिक
गुरुवार, दुपारी 3:05

मास्तर, माऊसचं नंतर बघू. आज शाळा सुटायच्या आत एक काम करा, टेस्टर घेऊन कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला किंवा स्क्रूला लावा. टेस्टर पेटला तर सहाही मशीनचे प्लग काढून ठेवा आणि अर्थिंग होईपर्यंत मुलांना हात लावू देऊ नका.

कारण सांगतो. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये आवाज गाळायला छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले असतात. तिसऱ्या पिनेला खरी अर्थिंग असेल तर ती किरकोळ गळती जमिनीत निघून जाते. अर्थिंग नसेल तर पत्रा मधल्यामधे तरंगतो, 230 व्होल्टच्या निम्म्यावर, म्हणजे 115 च्या आसपास. करंट बारीक असतो म्हणून झिणझिण्यांवर भागतं, पण आत कुठं वायर सोलवटलेली असली तर भागणार नाही. भिंतीतल्या तीन पिनी सॉकेटचं वरचं मोठं भोक बघून अर्थिंग आहे असं समजू नका. मी असंख्य ठिकाणी सॉकेट उघडून बघितलंय, त्या भोकामागं वायरच नसते.

आता मोटार. मोटारीचा स्टार्टर उचलला-सोडला की लाइनवर मोठा झटका येतो. पत्र्याला जमिनीचा आधार नसला की तो झटका कॅबिनेटमधून, यूएसबीच्या वायरीतून वाट काढतो, आणि यूएसबीचं सर्किट तेवढ्यानं गोंधळून माऊसशी संबंध तोडतं. तुमचा टुंग आवाज तोच. घरात मिक्सर लावला की माऊस मरतो म्हणून माझ्याकडे लोक येतात, त्यातल्या बहुतेकांच्या घरी अर्थिंग बसवल्यावर माऊस आपोआप बरा झालाय.

परवानाधारक वायरमनला बोलवा, शाळेच्या आवारात खड्डा घेऊन कोळसा-मिठाची किंवा पाइपची नीट अर्थिंग करायला सांगा आणि त्याच्याकडून रीडिंग घेऊन वहीत लिहून ठेवा. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावं लागतं, सोलापूरच्या कोरड्या जमिनीत तर हमखास. जोडीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या, मुलांच्या खोलीत तो असायलाच हवा. हे तुम्ही स्वतः करायला जाऊ नका. कॉम्प्युटरची लाइन मोटारीच्या लाइनपासून वेगळी निघत असेल तर सोन्याहून पिवळं.


मिरजकर_डीटीपी
गुरुवार, रात्री 10:15

श्रावणधारा ताई, काय सांगू तुम्हाला. हार्ड डिस्क आहे! दिवाळीत घेतली. मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाचा सगळा डेटा गेला तेव्हापासून मनात होतं, म्हणून ती घेतली आणि भाच्याकडून बॅकअप आपोआप होईल असं करून घेतलं. ती बाहेर लावलेली असते म्हणून मी ती मशीनमध्ये धरलीच नव्हती, त्यामुळे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं की नवीन काही टाकलं नाही. आता हिशोब केला तर त्रासही दिवाळीनंतरच सुरू झालाय.

आज 11:12 ला तिच्याकडे टक लावून बसलो होतो. दिवा लुकलुकायला लागला आणि वीस सेकंदांत कर्सर अडकला. कॅबिनेटच्या पुढं दोनच निळे पोर्ट आहेत, एकात हार्ड डिस्क आणि तिला चिकटून दुसऱ्यात डोंगल, मधे बोट जाणार नाही एवढंच अंतर. माझ्या फ्लेक्सच्या फाईली पाचशे-सहाशे एमबीच्या असतात, दिवसभर त्यांच्यात बदल होतात, त्यामुळे दर तासाला ते सगळं परत कॉपी होत होतं. तुम्ही सांगितलं तसं मुद्दाम एक मोठी फाईल कॉपीला लावली, कर्सर ठप्प. फाईल जात असतानाच डोंगल काढून मागच्या काळ्या पोर्टला लावलं, तर लगेच हलायला लागला, पण अधूनमधून हिसका बसत होता. मग गल्लीतल्या दुकानातून एक्स्टेन्शन आणली, डोंगल मॉनिटरच्या पायाशी ठेवलं. तेव्हापासून आठ वेळा बॅकअप झाला, एकदाही अडकला नाही. जुना माऊस लावून बघितला, तोही एकदम ठणठणीत.

आता फक्त एक बारीक तक्रार राहिलीय. गिऱ्हाईक आलं की पंधरा-वीस मिनिटं मजकूर लिहून घेण्यात जातात, परत माऊसला हात लावला की पहिले दोन-तीन सेकंद तो जागाच होत नाही. हेही त्याच गोंगाटामुळं का?


श्रावणधारा
शुक्रवार, सकाळी 6:50

वा, फार बरं वाटलं वाचून. तुमच्या वहिनींना माझा नमस्कार सांगा, तासाचा प्रश्न त्यांनीच काढला.

उशिरा जागा होण्याचं कारण वेगळं आहे. माऊस स्वतःचा सेल वाचवायला झोपतो, तो हलवल्यावर पटकन उठतो, त्यात काही बिघाड नाही. पण विंडोजही वीज वाचवायला यूएसबी पोर्ट झोपवतं, तिथं कधी कधी वेळ जातो. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन चालू प्लॅनची ऍडव्हान्स्ड सेटिंग उघडा, तिथं यूएसबी सेटिंगखाली सिलेक्टिव्ह सस्पेंड आहे, ते डिसेबल करा. मग विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबून नंतर एम दाबा, डिव्हाइस मॅनेजर उघडेल, त्यात यूएसबी रूट हबच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असतो, 'वीज वाचवण्यासाठी हे बंद करू दे' अशा अर्थाची टिक असेल ती काढा. डेस्कटॉपवर बिनधास्त करा. लॅपटॉपवाल्यांना बॅटरी थोडी जास्त जाईल, आणि काही नव्या लॅपटॉपवर हे सेटिंग दिसणारच नाही, तिथं उगाच शोधत बसू नये.

बॅकअप मात्र बंद करू नका हं. पाहिजे तर फाईल हिस्ट्रीमध्ये तासाऐवजी तीन तास करता येतं.


खटपट्या
शुक्रवार, दुपारी 12:30

कुणी हा धागा नंतर शोधून वाचेल म्हणून माझंही लिहून ठेवतो, कारण माझं दुखणं काकांच्या तिसऱ्या प्रकारातलं होतं. एएमडी रायझनचा डेस्कटॉप, एक-दोन सेकंद कर्सर, आवाज सगळंच अडखळायचं, दिवसातून चार-पाचदा, काही नियम नाही. मी तीन महिने माऊसलाच दोष देत बसलो. नंतर कळलं की प्रोसेसरमधलं टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) मदरबोर्डवरच्या बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, चिपशी मधूनमधून लांबलचक बोलणं करत बसतं आणि तेवढा वेळ सगळं मशीन थांबतं. एएमडीनं 2022 च्या मार्चमध्ये हे स्वतः मान्य केलं आणि त्या वर्षीच्या मे महिन्यापासून बोर्डवाल्यांनी बायोसचे अपडेट द्यायला सुरुवात केली. माझा बोर्ड जुन्याच बायोसवर होता, अपडेट केल्यावर गेलं ते गेलंच. फक्त बायोस अपडेट करताना यूपीएस हवाच, मधे लाइट गेली तर बोर्ड जाईल, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर आधी त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या आणि ते तात्पुरतं थांबवा.

आणि ज्यांचं काकांच्या दुसऱ्या प्रकारातलं आहे, कर्सर हलतो पण क्लिक लागत नाही, त्यांनी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवून बघा. पिवळी खूण आली आणि 05 किंवा सी5 च्या ओळीत शून्य नसेल तर डिस्कवरची जागा खराब व्हायला लागलीय, त्या खराब जागेवरून वाचायला डिस्क परत परत प्रयत्न करते आणि तोवर आपण ताटकळतो. त्याच दिवशी डेटा बाहेर काढा, उद्यावर ढकलू नका. सी7 चाच आकडा वाढत असेल तर मात्र डिस्क बहुतेक चांगली असते, साटा केबल बदलून बघा.


गावाकडचा_मास्तर
पुढचा मंगळवार, संध्याकाळी 5:40

काका, टेस्टर पेटला होता, सहाही मशीनला. त्याच दिवशी प्लग काढले. मुख्याध्यापक बाईंना दाखवलं, त्यांनी ग्रामपंचायतीत सांगितलं आणि वायरमन शनिवारी आला. तुम्ही म्हणालात तसंच निघालं, सॉकेटमागं अर्थची वायर होतीच कुठं, दोनच वायरी आलेल्या. खड्डा झाला, आरसीसीबी लागला, आज टेस्टर लावला तर पेटत नाही. मोटार सकाळपासून तीनदा चालू-बंद झाली, एका मशीनवर एकदा टुंग झालं, बाकी पाच शांत.


रिपेअरकाका_नाशिक
पुढचा मंगळवार, संध्याकाळी 6:10

हे वाचून फार समाधान वाटलं, मास्तर. मुख्याध्यापक बाईंचे पण आभार. उरलेल्या एका मशीनचा माऊस दुसऱ्या मशीनला लावून बघा. टुंग माऊसबरोबर तिकडं गेलं तर वायर जिथं माऊसच्या तोंडात शिरते तिथं आतून तुटलीय, मुलं माऊस वायरीला धरून उचलतात त्यामुळं तिथंच तुटते. बोटानं तिथं हलकं वाकवून बघा, लाल दिवा मिचकला तर तेच.


मिरजकर_डीटीपी
पुढचा मंगळवार, रात्री 9:30

आज सहावा दिवस. सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद केल्यापासून ती उशिरा उठायची तक्रारही गेली. नवीन माऊस मिसेसच्या लॅपटॉपला दिला, मी माझ्या जुन्यावरच आलो, हाताला सवय आहे. बॅकअप तासाचाच ठेवलाय.


पानगळ
पुढचा मंगळवार, रात्री 9:55

एक्स्टेन्शन किती लांबीची घेतलीत? मलाही आणायचीय.


मिरजकर_डीटीपी
पुढचा मंगळवार, रात्री 10:20

एक मीटरची, 2.0 ची. दुकानदार निळ्या टोकाची 3.0 ची देत होता, चांगली म्हणून, पण ती घेऊ नका, माऊसला गरज नाही. डोंगल मॉनिटरच्या पायाला दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं चिकटवलंय, आणि हार्ड डिस्क कॅबिनेटच्या पलीकडच्या बाजूला सरकवली. दोन्हीच्या मधे आता हातभर अंतर आहे.